बंद पाकीट आणि नाक्यावरचा परवाना

(गडचिरोली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिमूरचे नाव या दोन जिल्ह्यांत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तेथे मिरवणुकीवर गोळी चालली, लोक खवळले, चार सरकारी माणसे मारली गेली, आणि त्यानंतर गावात शिरलेल्या पोलीस-लष्कराने घराघरांत घुसून जे केले त्याची कहाणी अजून सांगितली जाते. या कहाणीचा एक भाग मात्र काहीसा मागे पडला आहे. चिमूरची बातमी चिमूरच्या वेशीबाहेर जाऊ नये यासाठी सरकारने केलेली खटपट, हा तो भाग होय. स्त्रियांवरील अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी उपोषण आरंभले. ते साठ दिवसांहून अधिक चालले. सरकारने काय करावे? चौकशी न करता उपोषणाच्या बातम्या छापण्यावरच बंदी घातली. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढला नाही.

परंतु बातमी त्याआधीच बाहेर पडली होती. मुंबईत ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गुप्त प्रक्षेपक सुरू केला होता. त्यामागे डॉ. राममनोहर लोहिया यांचे मार्गदर्शन होते. ४२.३४ मीटरवर बोलणाऱ्या त्या काँग्रेस रेडिओने आष्टी-चिमूरच्या अत्याचारांचे सविस्तर वर्णन देशाला ऐकवले. महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने सरकारने रद्द केले होते, म्हणजे कायद्याच्या भाषेत तो संपूर्ण उद्योग विनापरवाना होता. पकडले जाऊ नये म्हणून जागा पुन्हा पुन्हा बदलली जाई. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी तो पकडला आणि उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. राज्यसत्तेने अडवलेल्या वाटेला बगल देऊन संदेश पोचवण्याची ही रीत समाजवादी चळवळीच्या इतिहासात अशी मानाने बसलेली आहे. आजचा विषय वरकरणी संगणकशास्त्राचा दिसतो. तो त्याच इतिहासाचा पुढचा भाग आहे, आणि म्हणून तो तंत्रज्ञांवर सोपवून देण्याजोगा नाही.

विषय आहे व्हीपीएनचा, म्हणजे आभासी खाजगी जाळ्याचा. नाव बोजड आहे, वस्तू साधी आहे. मोबाइलवरून एखादे पान मागवले की ती मागणी प्रथम दूरसंचार कंपनीच्या यंत्रांतून जाते. आज बहुतेक मजकूर सांकेतिक रूपात जात असला, तरी कोण कोणाशी बोलत आहे हे त्या कंपनीला दिसते, आणि कंपनीला जे दिसते ते सरकारला मागता येते. पाकीट बंद आहे, पण पत्ता वरच लिहिलेला आहे. व्हीपीएन हे पाकीट दुसऱ्या एका पाकिटात घालते आणि त्यावर फक्त दूरच्या एका संगणकाचा पत्ता लिहिते. तो संगणक बाहेरचे पाकीट फोडतो आणि आतले पत्र पुढे रवाना करतो. कंपनीला इतकेच कळते की काही तरी अमक्या संगणकाकडे गेले. विश्वास मात्र आता त्या संगणकाच्या मालकावर ठेवावा लागतो, हे विसरता कामा नये. फुकट मिळणाऱ्या व्हीपीएनचा मालक पोट कशावर भरतो, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी स्वतःला अवश्य विचारावा.

ही सोय चोरांसाठी जन्मली असे सांगितले जाते. ते खरे नाही. ती कचेऱ्यांसाठी जन्मली. बँकेची दूरची शाखा मुख्य कार्यालयाशी याच रीतीने जोडतात. सरकारी अधिकाऱ्याला घरी बसून कार्यालयाच्या संगणकावर काम करता यावे म्हणून राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र स्वतः व्हीपीएन पुरवते. म्हणजे बोगदा वाईट, असे सरकारचेही म्हणणे नाही. बोगद्याची किल्ली कोणाजवळ असावी, एवढाच काय तो वाद आहे.

आता सरकार तो अडवते कसे, हे पाहू. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे व्हीपीएन पुरवणाऱ्या संगणकांचे पत्ते गोळा करून ते बंद करणे. पण पत्ते बदलता येतात. काँग्रेस रेडिओने मुंबईत जागा बदलल्या त्याच न्यायाने. दुसरा मार्ग म्हणजे मोबाइलच्या ॲपच्या दुकानदारालाच माल काढून घ्यायला सांगणे. दुकानदार दोनच असल्याने हे काम सोपे जाते. चीनमधील दुकानातून ॲपलने २०१७ साली अशी ॲप काढली. भारतात गृह मंत्रालयाच्या आदेशावरून ॲपल आणि गूगल यांनी काही व्हीपीएन ॲप काढल्याचे वृत्त जानेवारी २०२५ मध्ये आले. तिसरा मार्ग अधिक खोल आहे. दोन यंत्रांनी आपसांत बोलण्याची जी ठरलेली रीत, तिला प्रोटोकॉल म्हणतात. ओपनव्हीपीएन, वायरगार्ड हे असे प्रोटोकॉल आहेत. पाकिटातले पत्र वाचता आले नाही तरी पाकीट कसे चिकटवले आहे, पहिला नमस्कार कोणत्या शब्दांत झाला, कोणत्या क्रमांकाच्या दारातून ते निघाले, यावरून प्रोटोकॉल ओळखता येतो. ओपनव्हीपीएनचे नेहमीचे दार ११९४, वायरगार्डचे ५१८२०. दूरसंचार कंपनीच्या वाटेवर तपासणीचे यंत्र बसवायचे आणि अशी खूण दिसली की पाकीट फेकून द्यायचे. रशियाने २०२३ पासून हे मोठ्या प्रमाणावर चालवले आहे, चीन त्याही आधीपासून करीत आला आहे.

यावर उतारा निघाला तो असा, की व्हीपीएनचे पाकीट साध्या संकेतस्थळाच्या पाकिटासारखेच दिसेल असे बनवायचे आणि ४४३ क्रमांकाच्या दारातून पाठवायचे. त्याच दारातून बँकेचे व्यवहार जातात, रेल्वेचे आरक्षण जाते, विद्यार्थ्यांचे परीक्षा-अर्ज जातात. इथे राज्यसत्तेची खरी अडचण सुरू होते. दार बंद केले तर व्यापार बंद पडतो. उघडे ठेवले तर संदेश निसटतो. रशियाने एप्रिल २०१८ मध्ये टेलिग्राम ही संदेशसेवा बंद करण्याच्या भरात ॲमेझॉन आणि गूगल यांच्या संगणकांचे लाखो पत्ते अडवले. दुकाने, छोट्या कंपन्या, ज्यांचा या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता, त्या आडव्या झाल्या. टेलिग्राम चालूच राहिले, आणि जून २०२० मध्ये सरकारने बंदी उठवली. तंत्राच्या बळावर पूर्ण बंदी करता येत नाही, असा याचा अर्थ काही मित्र लावतात आणि निश्चिंत होतात. हा अर्थ अपुरा आहे. बंदी पूर्ण होत नाही, म्हणूनच ती परवान्याचे रूप घेते. जे मोठे, ज्यांच्यावाचून महसूल अडतो, त्यांना परवाना, बाकीच्यांवर संशय. विषयाचे मर्म येथे आहे, आणि गडचिरोलीच्या माणसाला ते मुंबईच्या माणसापेक्षा लवकर कळावे, कारण नाका आणि परवाना ही व्यवस्था त्याने जंगलात पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाची हकिगत येथे आठवावी. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा ज्यांनी देशाला दिली त्या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू हे गौण वनोपज आहे असे स्पष्ट लिहिलेले होते. तरी वनखाते १९२७ च्या कायद्यावर बोट ठेवून बसले. त्या कायद्याने बांबूला झाड ठरवले होते. बांबू तोडाल, पण वाहून नेण्याचा परवाना देणार कोण? परवान्याचे पुस्तक खात्याच्या कपाटात! बल्लारपूरच्या कागद गिरणीला मात्र याच टापूतील बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी मिळत आला होता. तो नाक्यावरून जाताना झाड की गवत हा वाद कधी उपस्थित झाला नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मूळ कायद्यातील व्याख्या बदलायला २०१७ साल उजाडले. हक्क कागदावर देऊन वाहतूक आपल्या मुठीत ठेवायची, ही नोकरशाहीची जुनी हातोटी आहे. ज्याचा माल वाहतुकीवाचून कुजतो त्याचा मालकीहक्क किती रुपये किमतीचा, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

हाच न्याय संदेशाला लावून पाहा. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने निर्देश काढले. व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी प्रत्येक ग्राहकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी, त्याला दिलेले संगणकीय पत्ते, सेवेचा काळ, आणि ती सेवा कोणत्या हेतूने घेतली हे सर्व पाच वर्षे जपून ठेवावे आणि मागताच सादर करावे. हेतूसुद्धा! टपाल कचेरीत पाकीट विकत घेणाऱ्याला पत्रात काय लिहिणार असे विचारण्याजोगा हा प्रकार झाला. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी देश सोडावा, असे तेव्हाचे राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी सुनावले, आणि एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन अशा कंपन्यांनी आपले येथील संगणक खरोखरच हलवले. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस निर्देश सर्वांना लागू झाले. सर्वांना म्हणजे कोणाला? मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला ते लागू नाहीत, असा खुलासा सरकारनेच केला. गिरणीचा बांबू नाक्यावरून पुढे गेला, ग्रामसभेचा थांबला.

सर्ट-इनच्या आधी संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२१ मध्ये याहून पुढची मागणी केली होती. दूरसंचार कंपन्यांच्या मदतीने व्हीपीएन हुडकून कायमची बंद करावीत, अशी ती शिफारस. अहवाल स्त्रिया व मुले यांच्यावरील गुन्ह्यांसंबंधीचा होता. त्या गुन्ह्यांची चीड कोणाला नाही? पण एवढ्या व्यापक बंदीची शिफारस एवढ्या हळव्या विषयाच्या पदराआडून पुढे यावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बंदी अमलात आली म्हणजे ती कशी दिसते हे काश्मीरने पाहिले. ५ ऑगस्ट २०१९ पासून तेथील दळणवळण बंद झाले. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर सांगितले की, असे आदेश अनिश्चित काळासाठी असू नयेत, ते प्रसिद्ध केले पाहिजेत आणि त्यांचा वेळोवेळी फेरविचार झाला पाहिजे. त्यानंतर जाळे परत आले ते मंद गतीचे आणि ३०१ संकेतस्थळांच्या यादीपुरते. माणसाने काय वाचावे याची सरकारने काढलेली यादी! लोकांनी व्हीपीएन लावले, तेव्हा फेब्रुवारी २०२० मध्ये श्रीनगरच्या पोलिसांनी बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवला. मे २०२५ मध्ये डोडा, राजौरी अशा जिल्ह्यांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली व्हीपीएन वापरण्यावरच मनाई केली. हे कलम म्हणजे आपले जुने १४४. जमाव पांगवण्यासाठी जन्मलेले हे कलम आता एकट्या माणसाच्या खिशातील फोनपर्यंत पोचले. मोर्चा दिसतो, म्हणून त्याला मनाई समजू शकते. खिशातील ॲप दिसत नाही, तेव्हा ते पाहण्यासाठी शिपायाला प्रत्येकाचा फोन उघडून घ्यावा लागतो. बंदी व्हीपीएनवर, झडती माणसाची.

हे काश्मीरचे झाले, महाराष्ट्राशी त्याचा काय संबंध, असे विचारणारे भेटतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलचे जाळे सरकारने बंद केले होते. दंगलीचे निमित्त होते, आणि दंगल आवरणे हे सरकारचे कर्तव्य आहे, यात शंका नाही. प्रश्न साधनाचा आहे. आणि गडचिरोलीचा प्रश्न तर याहून वेगळा आहे. येथे जाळे बंद करावे लागत नाही, कारण अनेक गावांत ते पोचलेलेच नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते. रस्ता जातो, पाठोपाठ फोनही जातो. नक्षलप्रभावित भागांसाठीच्या केंद्रीय योजनेत देशभर २,३४३ मनोरे उभे राहिले, ते टू-जीचे. त्यांना फोर-जी करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये घेतला. मुंबई-पुण्याच्या मागे किती वर्षे, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. गावात जो एकच मनोरा आहे त्यावर शिधावाटपाचे यंत्र, बँक-मित्राचे यंत्र, आशा कार्यकर्तीची नोंद, शिक्षकाची हजेरी आणि तेंदूपानाच्या हंगामात ग्रामसभेचा व्यापाऱ्याशी चालणारा व्यवहार, सारे लटकलेले असते. पुण्यात एक वाट बंद झाली तर दहा वाटा उरतात. येथे एकच वाट, तिच्यावर एकच नाका; त्या नाक्यावर बसवलेले यंत्र संशयाच्या भरात चुकले तर त्या गावाने दाद कोणाकडे मागायची?

या जिल्ह्यात हिंसाचाराचा प्रश्न उपस्थित केला जाणार, आणि तो केला जावा. जांभुळखेड्याजवळ १ मे २०१९ रोजी सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले. त्यांच्या घरच्यांसमोर खाजगीपणाचे तत्त्वज्ञान सांगण्याची हिंमत कोणी करू नये. परंतु त्याच माओवाद्यांनी या भागातील मोबाइलचे मनोरेही जाळले, हेही तितकेच खरे. बंदूकधारी क्रांतिकारकालाही गावकऱ्याने कोणाशी बोलावे हे आपण ठरवावे असे वाटत होते. त्या बाबतीत त्याचे आणि नाकेदाराचे एकमत होते! १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवता झाला. हे कोणा व्हीपीएनच्या बंदीने घडले असा दावा सरकारनेही केलेला ऐकिवात नाही. गुन्हेगाराचा माग काढायचा तर न्यायालयाच्या नजरेखाली, एका माणसाविरुद्ध, कारण लिहून काढावा. त्यासाठी सर्वांची पाकिटे उघडी ठेवण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, दारू बंद केलीत, मग हे का नको? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिचा या जिल्ह्याला अभिमान आहे. पण ती बंदी गावांनी मागितली, स्त्रियांनी मागितली, तिच्यासाठी आंदोलन झाले. व्हीपीएन बंद करा असा ठराव कोणत्या ग्रामसभेने केला आहे?

या जिल्ह्याच्या न्यायालयातून निघालेला एक खटला येथे अधिक सविस्तर पाहायला हवा, कारण पाकिटाच्या आत काय होते यावरूनच तो चालला. दिल्लीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतर पाच जणांना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी दोषी ठरवले. पुराव्याचा मोठा भाग संगणकाच्या तबकड्यांतला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांना मुक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवून प्रकरण परत पाठवले. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने पुन्हा सर्वांना निर्दोष सोडले. त्या निकालात न्यायालयाने म्हटले आहे की, साम्यवादी वा नक्षलवादी विचारांचे साहित्य आंतरजालावर सहज मिळते, ते एखाद्या नागरिकाने उतरवून घेतले किंवा त्या विचाराबद्दल त्याला सहानुभूती वाटली, एवढ्यावरून गुन्हा होत नाही. विशिष्ट कृत्याशी संबंध दाखवावा लागतो. हे ऐकायला साईबाबा फार काळ राहिले नाहीत. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ते वारले. सहा जणांपैकी एक, याच जिल्ह्यातील आदिवासी तरुण, त्याआधीच ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेत असताना मरण पावला होता. वाचण्यात गुन्हा नाही हे कायद्याने सांगायला सात वर्षे घेतली. ज्याला इतकी वर्षे जगता येणार नाही त्याने काय वाचले हे कोणाला दिसू नये असे त्याला वाटले, तर त्यात संशयास्पद काय आहे?

समाजवाद्यांना माओवाद्यांचा मार्ग कधीच मान्य नव्हता. तसे जाहीरपणे म्हणण्यासाठीसुद्धा त्यांचे लिखाण वाचावे लागते. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले, तेव्हा बेकायदेशीर कृतीची व्याख्या किती सैल आहे यावर बरीच चर्चा झाली. सैल व्याख्येचा कायदा एका हातात आणि कोणी काय वाचले याची पाच वर्षांची वही दुसऱ्या हातात, अशी स्थिती आली म्हणजे खाणीविरुद्ध ठराव करणारी ग्रामसभा आणि तिला कागदपत्रे मिळवून देणारा कार्यकर्ता यांची नावे त्या वहीत कोणत्या रकान्यात पडतील, याचा विचार करावा. सूरजागडच्या परिसरात हा प्रश्न पुस्तकी नाही.

असो. करायचे काय? व्हीपीएन कसे लावावे हे शिकवणे हा या वर्गाचा हेतू नाही. ते तरुण मंडळी जाणतातच. कामे दुसरी आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालील आदेश नियमांनी गुप्त ठेवले जातात. त्या गुप्ततेला संसदेत आणि न्यायालयात विरोध व्हायला हवा, ते काम पक्षाचे. जिल्हा दंडाधिकाऱ्याचा आदेश मात्र गुप्त ठेवता येत नाही. उद्या गडचिरोलीत वा चंद्रपुरात असा आदेश निघालाच, तर पहिल्याच दिवशी त्याची प्रत लेखी मागावी. त्यात कारण काय दिले आहे, मुदत किती आहे, हे पाहावे; कलम १६३ चा आदेश दंडाधिकाऱ्याला दोन महिन्यांपलीकडे चालवता येत नाही. रस्त्यात फोन उघडायला सांगितले तर कोणत्या कलमाखाली, हे विचारून जागा, वेळ आणि उत्तर त्याच संध्याकाळी लिहून ठेवावे. आणि आदेश मराठीत असला तरी माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या गावांत तो वाचून, समजावून सांगितला गेला का, हेही ग्रामसभेच्या नोंदवहीत तारखेसह उतरवून घ्यावे.